मातीमंडळ आणि माकोपानोचं छप्पर

ऑगस्ट म्हणजे आमच्या लेसोथोच्या डोंगरात सरत्या हिवाळ्याचा, वाऱ्याचा महिना. त्या सकाळीही वारा अंगणातली धूळ उचलून पिठात टाकत होता आणि माकोपानो घोंगडीच्या आडोशाला पीठ मळत होती. शाळा भरायच्या आत गोळे तळून फाटकाशी विकायला बसायचं, हा तिचा रोजचा धंदा. तेल तापतंय तोवर घरावरचा पत्रा वर ठेवलेल्या दगडांसकट उडाला आणि शेजाऱ्याच्या मक्याच्या धसकटांत दुमडून पडला.

वासा कुजलाय हे तिला दोन हिवाळ्यांपासून ठाऊक होतं. पण तळणीतनं उरेल ते दोन मातीमंडळांत जायचं. घरात कुणी गेलं की मंडळ पेटी देतं, गाय देतं, मंडप देतं. आमच्याकडं माणूस कसा जगला ते कुणी विचारत नाही. कसा पुरला ते मात्र वर्षानुवर्षं बोलतात. म्हणून तिनं एक सोडून दोन मंडळं धरलेली. छपरासाठी वेगळं असं काहीच नव्हतं.

आत तिचा नवरा मोखेथी पडून होता. सोन्याच्या खाणीतनं तो छातीभर धूळ घेऊन परतला होता.

ती पाणवठ्यावर एका मंडळाच्या खजिनदारणीला, मापुलेला, गाठायला गेली. थोरल्या बाईला आमच्याकडं 'मे', म्हणजे आई, म्हणतात.

"मे मापुले, आईसारखी हाईस तू. वाशापुरतं दे. म्होरं कापून घे."

"घरात मयत कुणाचं हाय?"

"कुणाचं न्हाई अजून."

"मग मंडळ काय करणार, बाई? छपराला पेटी दिऊ का?"

बाया हसल्या. माकोपानोही हसली, कारण दुसरं काय करायचं.

दुसऱ्या मंडळानंही तेच सांगितलं.

उघड्या जागी तिनं प्लास्टिक ताणलं. त्याच आठवड्यात बर्फ पडलं. शेणीची ऊब वरच्या वर निघून जायची. मोखेथी खोकत खोकत म्हणाला, "खाणीत छप्पर पडंल म्हणून भ्यायचो. हितं तर उडून गेलं." रविवारी पहाटे त्याचा खोकला थांबला.

मंडळं मात्र बोलल्याप्रमाणं वागली. दोन गायी आल्या, चकचकीत कड्यांची पेटी आली, मोठा ताडपत्रीचा मंडप आला. लोक पोटभर जेवले, कौतुक करत गेले. मंडप सुटताना माकोपानो म्हणाली, "मे, ताडपत्री ऱ्हाऊ दे की थोडे दिस."

"पलीकडच्या गावात मयत झालंय गं," मापुले म्हणाली, आणि खाली बघत दोऱ्या गुंडाळत राहिली.

महिना सरला, मापुले दोन्ही मंडळांची वर्गणी गोळा करायला आली.

"एका मंडळातनं माझं नाव काढ," माकोपानो म्हणाली. "ते पैसे पोस्टात टाकणार. आदी वासा, मग पत्रा. नंतर बी टाकत ऱ्हाणार. घराला कवा काय हुईल, काय नेम?"

"आन् तुझ्या मातीला दोन गायी न्हाई आल्या म्हंजे? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला कुठं ऐकू येणारंय?"

 मापुले एकाच मंडळाची वर्गणी घेऊन निघाली.

माकोपानोनं पोतं खांद्यावर टाकलं आणि जळणाला शेण गोळा करायला ती गोठ्याकडं गेली.