शिंदी हे नाव मी ठेवलं होतं

ते नाव सुदामनं ठेवलेलं नव्हतं, मी ठेवलं होतं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही, बायकोपुढेही नाही. आता सुदामच राहिला नाही, तेव्हा लिहितो आहे. तो असताना लिहायला हवं होतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

सुदाम गेल्याचं मला येरमाळ्याच्या स्टँडवर कळलं. भूमकडे जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर आमच्याच गावचा. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "तुमचा तो पेंटर गेला की. काविळीनं. भूमलाच उरकलं समदं." मी काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून आमच्या गावचा एक म्हातारा म्हणाला, "देवीनं ठेवलं असतं व्हय त्याला? येवढी वर्सं सोडला हेच लई झालं." दोघातिघांनी माना हलवल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

सुदाम आणि मी गावच्या दूध संस्थेत एकत्र होतो. मी कारकून, कारण चेअरमन माझे चुलते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गावही तात्याच म्हणायचं. सुदाम बौद्ध वस्तीतला. तिथला एक तरी माणूस कामावर घ्या असं वरून सांगणं आलं होतं, म्हणून घेतलेला. पण त्यानं दुधाला हात लावायचा नाही, हे कुठं न लिहिता ठरलेलं होतं. रिकामा कॅन त्यानं उचलला तर चालायचं, भरलेला चालत नसे. हात मात्र सुरेख होता त्याचा. कॅनवर नंबर रंगवायचा, संस्थेच्या पाट्या रंगवायचा, निवडणुकीत भिंती रंगवायचा. आणि बोलण्यात असा की समोरच्यानं कामधाम विसरावं. नम्र वगैरे अजिबात नव्हता. मला म्हणायचा, "बाळू, तुझ्या तात्याची खुर्ची अन् माझा ब्रश, कशाचं काम जास्त चालतं सांग बरं?"

बहात्तरच्या दुष्काळात संस्थेच्या संकलन केंद्रावर दूध थंड करायचं नवं यंत्र आलं, आणि दूध आटलं. जनावरं छावणीला गेली, काही बाजारात. दिवसभर आम्ही दोघं त्या कोऱ्या यंत्रापुढे बसून. ते यंत्र ज्या खोक्यांतून आलं, त्यांच्या फटींत रद्दी कोंबलेली होती. सुदामनं ती उलगडली तर आत चित्रंच चित्रं. पानाचे चौकोन पाडून काढलेली. मोठाल्या डोळ्यांची माणसं, पेटलेल्या केसांचे देव, ढग फोडून उतरणाऱ्या बायका. यंत्र बसवायला पुण्याहून आलेला मेकॅनिक म्हणाला, ही जपानी चित्रकथांची पानं आहेत, तिकडं पोरं वाचतात. आम्हाला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. सुदाम म्हणाला, "बरंच झालं. आता ह्यांचं काय करायचं ते आपुन ठरवायचं."

आणि ठरवलं. त्या पानांतल्या देवांच्या पुढच्या गोष्टी तो रोज रचायचा, मी त्यात भर घालायचो. देवांना नावं हवी होती. घशाला कोरड, टँकरची वाट बघण्यात दिवस जायचा, त्यामुळे असेल, त्यानं सगळ्यांना पिण्याच्या जिनसांची नावं द्यायचं काढलं. पण उगाच नाही. त्याचा नियम होता : घोट घेतल्यावर माणसाचं जे होतं, ती त्या देवाची ताकद. विजा फेकणारा, चटकन फुटणारा देव म्हणजे गोटीसोडा. ज्याच्यासमोर सैन्यंच्या सैन्यं पेंगून आडवी होतात, तो जाडजूड देव ताक. लंगडा, म्हातारा, मेलेल्याला उठवून बसवणारा तो आंबील. मी एकदा म्हटलं, "चहाला का रं विसरलास? सगळ्यात मोठा देव तोच की." केंद्रासमोरच्या हॉटेलात सुदामची कपबशी वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली असायची. तो त्या कोनाड्याकडं न बघता म्हणाला, "चहाला देव करायचा न्हाय. त्यानं मला भाईर बसवलंय."

एका पानावर एक बाई होती. मोकळे केस, अनवाणी, पायाखाली जळतं शहर. तिच्या तोंडावर राग नाही, उलट माया. सुदाम तिला नीरा म्हणायचा. पहाटे ती लेकरांना पाजते, असं त्यानं रचलं होतं. मी म्हटलं, मग ऊन चढल्यावर तीच शिंदी होणार. झाडाचा रस तोच, सूर्य वर आला की चढतो. दुपारी ती जगाला झिंगवते आणि जाळते. सुदाम ताडकन उठला. "आर्र बाळू! ह्ये मला का न्हाय सुचलं?" त्याच दुपारी त्यानं ते पान यंत्राच्या खोलीतल्या भिंतीवर चिकटवलं आणि खाली गेरूनं, वळणदार अक्षरात लिहिलं : शिंदी देवी. माझ्या आयुष्यात माझ्या शब्दाचा असा मान दुसऱ्या कुणी केला नाही.

चैत्रात टँकर केंद्राच्या आवारात रिकामा होऊ लागला आणि बायाबापड्या आत येऊ लागल्या. खोलीच्या उघड्या दारातून कुणीतरी ती भिंत पाहिली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की दूध संस्थेत देवीला दारूचं नाव दिलंय, मोकळ्या केसांची आपलीच देवी रंगवलीय, आणि कुणी रंगवलीय ते वेगळं सांगायला नकोच. आवार माणसांनी भरलं. तात्या आले. भिंत बघितली, आणि सुदामला विचारलं, "कुणाचं काम ह्ये?"

"रंगवलं म्या," सुदाम म्हणाला.

"नाव कुणी पाडलं?"

सुदाम काही बोलला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे कुणाला कळू नये म्हणून नाही पाहिलं. मग तात्या माझ्याकडं वळले. "बाळू, तुला ठावं व्हतं का ह्यातलं काय?"

मी म्हणालो, "न्हाय."

मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तात्यांनी एक मुस्कटात दिली असती, घरी आईनं देवीला नारळ फोडायला लावला असता, आणि आठ दिवसांत गाव हसून मोकळं झालं असतं. माझ्या तोंडी तो वाह्यातपणा होता. त्याच्या तोंडी तो गुन्हा होता. हे मला त्याच क्षणी, तिथं उभ्या उभ्या माहीत होतं. लहान होतो, घाबरलो, असली सवलत मी घेऊ शकत नाही.

त्याला ती भिंत हातानं खरवडायला लावली. नोकरी गेली, तीही अशा वर्षी की खडी फोडायच्या कामावरसुद्धा नाव लागेना. तात्यांनी तोंडानं काही सांगितलं नाही, पण टँकर वस्तीकडं वळायचा थांबला. वस्तीतल्या बाया ओढ्यातल्या झऱ्यावर वाट्यावाट्यानं पाणी भरायच्या आणि सुदामला शिव्या घालायच्या. शेवटी तो भूमला निघून गेला. मी पुढं संस्थेचा सेक्रेटरी झालो.

अनेक वर्षांनी उस्मानाबादेत भेटला. शिडीवर चढून रसवंतीची पाटी रंगवत होता. मी उगाच मोकळेपणा आणत म्हणालो, "काय रे, देवांची नावं रंगवतोस का अजून?" तो खाली उतरला. ब्रश पुसत म्हणाला, "बाळू, येक इचारू? त्या दिवशी तात्यांनी तुला इचारलं तवा तुझं तोंड कोरडं पडलं व्हतं का रं?"

"जाऊ दे ना आता जुनं..."

"न्हाय, गोष्टीसाठी इचारतोय. आपल्या गोष्टीत कोरड्या तोंडाचा देव राह्यलाच की." आणि हसला. मला बोलायला त्यानं वेळ दिला होता, बराच दिला. मी घड्याळ बघून गाडी चुकेल म्हणालो. तो परत शिडीवर चढला.

पंधरवड्यापूर्वी मी गावात गेलो तेव्हा एक गोष्ट कळली, ती कळली नसती तर कदाचित हा लेखही झाला नसता. सुदामची आई अजून वस्तीतच राहते. छप्पन साली, धर्मांतराच्या वेळी, या बाईनं घरातले देव स्वतःच्या हातानं बाहेर काढले होते. तीच बाई दर चैत्रात देवीच्या देवळाच्या पायऱ्यांखाली उभी राहून, लेकाकडून चूक झाली म्हणून हात जोडते. सुदाम त्यावरून तिच्याशी भांडला, पुढं गावाकडं यायचा थांबला. पण नाव कुणाचं होतं ते तिलाही त्यानं सांगितलं नाही. आता तिच्या दारासमोरच्या हातपंपावरच्या बाया तिला ऐकू जाईल असं बोलतात की देवीनं वसूल केलं. ती मान खाली घालते. तिला ते पटलेलं आहे. तिच्या लेकाला देवीनं नेलं, असं ती धरून चालली आहे.

त्या दिवशी मी तिच्या बोळाच्या तोंडापर्यंत गेलो आणि परतलो.

हे छापून येईल, गावात वाचलं जाईल, कुणी मला बोलेल, कुणी बोलणार नाही. पण तिला वाचता येत नाही, आणि तिला हे वाचून दाखवायचं काम मी दुसऱ्या कुणावर टाकू शकत नाही. तिच्या दारात उभं राहून, पंपावरच्या बायांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, ते नाव मी ठेवलं होतं एवढं मला तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.