नावेत पाठमोरी

आमच्या गावापासून धरणाचं पाणी कोसभर. ते भरलं तेव्हा थोरली माझ्या पोटात होती. त्याआधी माहेरी जायचं म्हणजे सकाळी भाकरी बांधायची, लुगडं वर धरून पूर्णा नदीच्या उथळ उतारातून पलीकडं व्हायचं, की दुपारच्या आत आईच्या दारात. धरण झालं आणि उतार बुडाला. माहेर उंचावर म्हणून वाचलं, वाट तेवढी गेली. मग पुसेगावापर्यंत पायी, तिथून दोन मोटारी बदलून पुन्हा पायी, असा दिवसभराचा फेरा. एकट्या बाईला कोण पाठवणार? भावाची वाट बघायची, आणि भावाला शेतातून सवड नाही.

दुष्काळात पाणी आटलं तेव्हा वाट पुन्हा उघडी पडली. मी दोनदा चालत जाऊन आईला भेटून आले. सगळं गाव आभाळाकडं बघत होतं, आणि मला मनातून वाटायचं, आणखी थोडे दिवस राहू दे असंच. कोणाला सांगितलं नाही. आज लिहितानाही लाज वाटते. मग पाऊस झाला, पाणी चढलं, आणि पुढची तीन वर्षं माहेर दिसलं नाही.

मी चौथी शिकलेली, कार्ड लिहिता यायचं. पण आईला वाचता येत नव्हतं. तिथं वाचून दाखवणारा दुसराच कोणी, म्हणून मी 'आम्ही खुशाल आहोत' एवढंच लिहायची. तिसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर माहेरचा एक माणूस पुसेगावच्या बाजारात ह्यांना भेटला. त्याच्या हाती आईचा निरोप होता. ह्यांनी तो घरी येऊन सासूबाईंना सांगितला, मी चुलीपाशी ऐकला. "म्हातारीला कमी दिसायलंय. म्हणती, डोळ्यानं दिसतंय तवर लेकीचं तोंड बघू द्या."

मामंजी ओसरीवर सुतळी वळत होते, ते वळत राहिले.

आठ दिवसांनी मामंजींनी एकदम काढलं, "पोरायला धरण दाखवू. नावंत बसवू. नाववाल्याला बोललोय मी. पल्याड टेकवून आणतो म्हणला."

पोरं नाचायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "या वयात काहून सुचलं हे?" मामंजी म्हणाले, "तू बी चल. हिला बी घे, पोरं कोण सांभाळंल?"

'हिला' म्हणजे मला. ह्यांना हरभऱ्याची सोंगणी होती, हे घरीच राहिले. मी पहाटे दुधातल्या दशम्या केल्या. त्यातल्या थोड्या वेगळ्या फडक्यात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवल्या, आईसाठी.

नाव मासे धरणाऱ्याची, लाकडी, आत ओल्या जाळ्याचा वास. मामंजी मागं नाववाल्याजवळ बसले, सासूबाई मधे. मी उभीच. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण मामंजींच्या समोर मी कधी बसले नव्हते, की त्यांच्याशी तोंडानं बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर पोरांच्या किंवा सासूबाईंच्या आडून.

नाववाला ओरडला, "ओ बाई, खाली बसा! नाव हाय ही, एसटी न्हाई."

पोरं खदखदा हसली. मी पदर पुढं ओढला आणि अगदी पुढच्या टोकाला, मामंजींकडं पाठ करून बसले. बसल्यावर ध्यानात आलं की तोंड पलीकडच्या काठाकडं आहे.

सासूबाईंनी पाण्यावर हळदकुंकू सोडलं. थोरलीनं पाण्यात हात घातला. मधल्यानं विचारलं, "आबा, खाली काय हाय?"

"तुझ्या मायची वाट हाय खाली."

"मंग माय बुडत न्हवती का?"

"तवा एवढं पाणी कुठं व्हतं लेकरा?"

धाकटा माझ्या मांडीला चिकटून होता. मी समोर बघत होते. आधी काठ नुसती रेघ होती. मग त्यावर एक काळा ठिपका आला. ठिपक्याचं झाड झालं. माहेरच्या शिवेवरची चिंच. मी पिशवी चाचपली, दशम्या अजून गरम वाटल्या.

निम्म्याच्या पुढं आलो आणि वारं उठलं. पाण्याला लाटा आल्या, नाव खालीवर व्हायला लागली. नाववाल्यानं वल्हं थांबवलं.

"आबा, हे वारं आज थांबत न्हाई. पल्याड उतरवतो, पण वापस उद्या. न्हाईतर हितूनच फिरू. काय करता?"

सासूबाई म्हणाल्या, "म्हशीची धार कोण काढंल?"

"त्यो हाय की घरी," मामंजी म्हणाले.

"आन व्याह्याच्या दारात एवढी माणसं न सांगता?"

"भाजीभाकर देतील, उपाशी ठेवत न्हाईत." मग ते म्हणाले, "पोरं काय म्हणतात?"

"पल्याड!" थोरली म्हणाली. धाकटा रडत म्हणाला, "घरी."

मामंजींनी पुढं विचारलं, "आन मोठी माणसं?"

सासूबाईंचं बोलून झालं होतं. मोठं माणूस राहिलं होतं ते मीच. 'जाऊ' एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात आलेला. चिंचेची फांदी न् फांदी दिसत होती. लाटा नावेच्या बुडाला थापा मारत होत्या. मी थोरलीच्या कानात सांगू शकले असते. सासूबाईंचा पदर ओढू शकले असते. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले.

"बरं," मामंजी म्हणाले. "वळव."

नाव वळली, तशी चिंच माझ्या डोळ्यांसमोरून बाजूला सरकली आणि मागं गेली. आता समोर सासरचा काठ. मागं वळून बघायचं तर मामंजींच्या तोंडाकडं तोंड झालं असतं. मी वळले नाही. थोरली माझ्याशेजारी मागं तोंड करून बसली होती, तिला दिसत होतं. ती सांगत राहिली, "माय, झाड बारीक होऊन राहिलं. माय, आता बकरीएवढं हाय. आता दिसत न्हाई."

पोरांना भूक लागली. मी त्यांना दशम्या दिल्या, तळाच्या फडक्यातल्याही.

संध्याकाळी पीठ मळताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "बाई, तुला तोंड उघडायला काय झालं व्हतं? तुझ्यासाठीच तर काढली व्हती नाव."

"मामंजी म्हणले?"

"ते कशाला म्हणतील? सून माहेरी नेतो म्हणत सासरा नाव काढतो का कुठं? चाळीस वर्षं झाली, मला कळत न्हाई व्हय त्यांचं?"

मग ओसरीवर मामंजींचं जेवण झालं. मी आतूनच ताट ओढून घेतलं. त्यात भाकरीचा तुकडाही राहिला नव्हता, रोजच्यासारखंच.

पुढं पावसाळा गेल्यावर भाऊ न्यायला आला. दिवसभर मोटारीत बसून दिवे लागायच्या वेळी पोचले. आई भिंतीला टेकून बसली होती. आवाजानं तिनं ओळखलं. जवळ बसवून कपाळापासून हनुवटीपर्यंत हात फिरवला, पुन्हा फिरवला. म्हणाली, "वाळलीस."

मग म्हणाली, "पाण्यावरून नाव येती म्हणतात इकडं. तिच्यात बसून काहून न्हाई आलीस गं आधी?"

मी म्हणाले, "वारं होतं, माय."