बांगड्या भरणारा हात

वडशाला आमचं बांगड्यांचं दुकान आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते सासू चालवायची. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण दुकानात सासू गिऱ्हाइकांशी इथलीच बोली बोलायची आणि हळूहळू माझ्याही तोंडात तीच बसली. बांगडी भरायला मला तिनंच शिकवलं. समोरच्या बाईचा हात आपल्या मांडीवरच्या फडक्यावर घ्यायचा, साबणाचं पाणी लावायचं, अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची हाडं दाबून जवळ आणायची आणि दुखायच्या आत बांगडी मनगटावर उतरवायची. बाईनं हात सैल सोडला तरच हे जमतं. तिनं ताठ धरला की बांगडी वाढते. फुटली असं आम्ही म्हणत नाही.

पहिला डाग माझ्या उजव्या हाताच्या बोटावर, नखाच्या बाजूला आला. कणीक वाळली असेल म्हणून मी तो नखानं खरवडला. तो निघाला नाही. काही महिन्यांत तसलेच डाग बाकीच्या बोटांवर आले, मग डाव्या हातावर. सासूनं एकदा माझा हात उजेडात धरून पाहिला आणि सोडून दिला. दुसऱ्या दिवशी तिनं कुठून तरी बावचीचं तेल आणलं. ते लावून मी उन्हात बसले, तर बोटांवर फोड आले. फोड बसले, डाग तसेच राहिले.

नवरा मला रेल्वेनं चंद्रपूरला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि डागांवर कापूस फिरवला. "कळतंय का?" ते प्रत्येक वेळी विचारत होते. मला सगळीकडे कळत होतं.

"आपल्या भागात असा चट्टा दिसला की आधी हे पाहावं लागतं," ते म्हणाले. "तुम्हाला संवेदना आहे. हा कुष्ठरोग नाही. हे कोड आहे. स्पर्शानं कोणालाही होत नाही."

त्यांनी मलम दिलं आणि आठवड्यातून दोनदा मशीनच्या उजेडाखाली बसायला या म्हणाले. वडशाहून ते काही दिवसच जमलं. परत येताना नवरा खुशीत होता. "दुसरं काही निघालं नाही, हे काय कमी आहे?" असं तो गाडीत दोनदा म्हणाला. मी हो म्हटलं.

दुकानात कोणी भांडलं नाही, कोणी टोचून बोललं नाही. मासळी खाऊन वर दूध प्यायलीस काय, एवढं काही जणींनी विचारलं. मग बाया आल्या की माझ्यासमोरची जागा सोडून सासूसमोर बसू लागल्या. सासूकडे आधीच कोणी बसलेलं असलं तर थांबायच्या. मी रिकामी बसलेली असायचे.

तलावाच्या गावाहून एक ढिवरीण दरवर्षी यायची. ती मासे विकायला वडशाला येई आणि जाताना लेकीला बांगड्या भरून नेई. त्या मुलीचा हात मी लहानपणापासून भरत आले होते. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती हिरवा चुडा भरायला आली, सोबत चार-पाच बाया होत्या. मुलगी सवयीनं माझ्यासमोर बसली आणि तिनं हात पुढे केला. आईनं तो मधेच धरला.

"बाई, आज अम्मालेच भरू दे," ती सासूकडे बोट करून मला म्हणाली. "तू वाईट नोको मानू. लग्नाचं काम हाये."

"नाई मानत," मी म्हटलं.

सासूचे हात तेव्हा वयानं कापायला लागले होते. तिसरीच बांगडी वाढली आणि काच मुलीच्या मनगटात घुसली. रक्त आलं. मी फडकं पुढे केलं, ते आईनं घेतलं नाही, पदरानंच पुसलं. सासूनं चुडा पूर्ण केला. मुलगी एकदा माझ्याकडे पाहून खाली बघत बसली. त्या गेल्यावर सासू म्हणाली, "तू उद्यापासून मागं बस. डझनं बांधत जा." मला रडू आलं नाही. मी उठले आणि मागे जाऊन बसले. तिथे पंखा नव्हता, एवढंच मनात आलं.

हिवाळ्यात वडशाला नाटक कंपन्यांची धावपळ असते. त्यातली एक नटी आमच्याकडे बांगड्या घ्यायला यायची. तिनं मला मागे बसलेली पाहिलं, माझे हात पाहिले आणि पुढच्या खेपेला रंगाची एक डबी आणून दिली.

"आमचा तं धंदाच रंग लावाचा," ती म्हणाली. "हातालेही बसते हा. लावून पाह्य."

रंग माझ्या कातडीला बरोबर जुळला. मी पुन्हा पुढे बसू लागले. वडशातल्या बाया नाही, पण बाहेरगावच्या नव्या बाया हात देऊ लागल्या. सासूनं ते चालू दिलं. मग उन्हाळ्यात एका नव्या नवरीचा हात भरताना साबणाच्या फेसात तो रंग उतरला. तिच्या मनगटावर मातकट ओघळ आले आणि माझी बोटं पांढरी झाली. तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं. मग ती उठून नळावर गेली आणि कोपरापर्यंत हात धूत राहिली. तिची सासू दुकानाबाहेर उभी होती, तिनं विचारलं, "काऊन वं, काय झालं?" "काई नाई," नवरी म्हणाली आणि उरलेल्या बांगड्या कागदात बांधून मागितल्या. मी बांधून दिल्या. डबी मी पुन्हा उघडली नाही.

पुढची काही वर्षं मी मागेच होते. सासू गेली. नवरा बांगड्या भरू लागला. डाग मनगटावर, कोपरावर, मग मानेवर आणि तोंडावर गेले. आधी मी आरशात मोजदाद केल्यासारखं पाहायचे, नंतर पाहणं सुटलं. डाग एकमेकांत मिसळले. शेवटी मूळ सावळा रंग फक्त कानांमागे आणि पोटावर उरला. ऊन लागलं की अंग भाजल्यासारखं लाल होतं, म्हणून मी पूर्ण बाह्या घालते.

मागच्या वर्षी नवऱ्याला टायफॉइड झाला आणि पोंभुर्ण्याकडच्या आठवडी बाजाराला बांगड्या घेऊन मी एकटी गेले. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. एक बाई तिच्या तरुण मुलीला घेऊन आली. बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"किती गोऱ्या हो तुमी," ती म्हणाली. "तोंडाले काय लावता?"

"काईच नाई."

"सांगा ना. हिच्यासाठी पाह्यजे. दोनदा पाहुणे येऊन गेले. रंगावरच अडून राह्यलं." मग मुलीला म्हणाली, "धर वं, तुहा हात त्याईच्या हाताजवळ धर."

मुलीनं हात धरला. काळाभोर, तुकतुकीत हात होता. माझा त्याशेजारी उकडलेल्या अंड्यासारखा दिसत होता. मी साबणाचं पाणी लावलं आणि अंगठा दुमडला. मुलीनं हात सैल सोडला होता. किती वर्षांनी मी कोणाचा हात भरत होते, हे मला त्यावेळी आठवलंही नाही. दोन बांगड्या चढल्यावर मी म्हटलं, "बाई, हा माहा रंग नाई. हे कोड हाये."

मी मुलीचा हात सोडून दिला. मुलीनं तो मांडीवरून काढला नाही.

"लागत तं नाई ना?" आईनं विचारलं.

"नाई. डॉक्टरनं सांगतलं हाये."

तिनं मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भरा मंग," ती म्हणाली. पण त्यानंतर ती तोंडाला काय लावता हे विचारायची थांबली आणि मुलीला लवकर चल म्हणत राहिली. मी दोन्ही हात भरले. मुलीनं जाताना बांगड्या कपाळाला लावल्या, जशा सगळ्याच लावतात.

आता नवरा बरा आहे, तरी तो बाजार मीच करते. काही बाया हात देतात, काही बांगड्या घेऊन घरी भरते म्हणतात. वडशाच्या दुकानात तर आता धातूच्या तयार बांगड्या जास्त खपतात. त्या जिच्या तिनं चढवायच्या असतात, कोणाला कोणाचा हात लागत नाही. त्या बाजारातून पहिल्यांदा परत आले, तेव्हा अंथरुणातूनच नवऱ्यानं विचारलं होतं, कोणी काही बोललं का. एक बाई मला गोरी म्हणाली, असं मी सांगितलं. तो जरा हसला. मग मी त्याला पेज करून दिली.