ठिपक्याचं जुनं माप

"उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला एक नोड्यूल दिसतोय," कुडाळचे डॉक्टर म्हणाले. नोड्यूल म्हणजे बारीक गाठीसारखा ठिपका.

मी गेले होते दोन महिन्यांच्या खोकल्यासाठी. मालवणात माझं शिवणकाम. कापडाच्या धुरळ्याने घसा धरला असेल, एवढाच माझा अंदाज. आधी एक्स-रे काढला, मग सीटी स्कॅन, म्हणजे छातीचे वरपासून खालपर्यंत थराथराने घेतलेले फोटो. त्यात हा ठिपका निघाला.

"जुना असेल आणि वाढला नसेल, तर आधीच्या आजाराचा वण. चिंता नको," डॉक्टर म्हणाले. "वाढला असेल तर मुंबईला बायॉप्सी करावी लागेल." बायॉप्सी म्हणजे सुईने आतला तुकडा काढून तपासायचा. कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. पण परतीच्या एस.टी.त माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

चार वर्षांपूर्वी मुंबईला बहिणीकडे असताना मला न्यूमोनिया झाला होता. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात तेव्हाही सीटी स्कॅन झालं होतं. "ती फिल्म घेऊन या," कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मान डोलावली, पण आणणार कुठून? ती फिल्म मी कापली होती.

आता हसाल. पण आमच्या दमट हवेत पुठ्ठ्याचे नमुने महिन्याभरात वाकतात. फिल्म वाकत नाही, तिच्याभोवती खडू सरळ फिरतो. आजार बरा झाल्यावर फोटो हवा कशाला, म्हणून मी त्यातून ब्लाऊजच्या गळ्यांचे नमुने कापले. पानगळा, मटका गळा, चौकोनी गळा.

यजमानांना सांगितलं तेव्हा ते कपाळावर हात मारून म्हणाले, "आख्ख्या वाडीचे ब्लाऊज तू तुझ्या छातयेवरसून बेतलंस मां गो!" हसले, आणि लगेच उठून मागच्या दारी गेले. मासेमारी करणारा माणूस, पण त्या दिवसापासून त्यांनी होडी वर ओढून ठेवली.

ते सगळे नमुने पिशवीत घालून मी पुन्हा कुडाळला गेले. डॉक्टरांनी पानगळा उजेडात धरला, खूप वेळ बघितला आणि म्हणाले, "काकी, नेमका हवा तो भाग तुम्ही गळ्यात घालवलात."

मुंबईहून जुना रिपोर्ट फॅक्सने आला. त्यात 'लहानसा वण' एवढंच होतं, माप नव्हतं. माप न लिहिता काम देणाऱ्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवते, त्यामुळे डॉक्टरांची अडचण मला लगेच कळली.

मग त्यांनी मुंबईच्या त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्या हॉस्पिटलाने फोटो कॉम्प्युटरवर जपून ठेवले होते, आणि बाहेरच्या डॉक्टरांना पासवर्ड देऊन ते इंटरनेटवर बघू देण्याची सोय नुकतीच सुरू केली होती. माझ्या सहीचं पत्र गेलं. परवानगी यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी एकही ब्लाऊज बेतला नाही. कात्री हातात घ्यायची आणि परत खणात ठेवायची. मला भीती वाटत होती, खूप भीती.

बुधवारी बोलावणं आलं. यजमान आत यायला तयार होईनात, बाकावरच बसून राहिले. आत जुना फोटो पडद्यावर पट्टीपट्टीने उतरत होता. मध्येच वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी उभे राहिले. डॉक्टरांनी ठिपक्यावर रेघ ओढली.

"तेव्हा सहा मिलिमीटर. आजही सहाच."

"परत मोजा," मी म्हटलं. मापाच्या बाबतीत मी कोणाच्या शब्दावर जात नाही.

त्यांनी न रागावता परत मोजलं. सहाच. "चार वर्षांत तसूभर वाढला नाही. जुना वण आहे. खोकला ॲलर्जीचा, औषधाने जाईल."

मुंबईच्या त्या डॉक्टरांना मी पुन्हा कधी भेटले नाही. पण तिथे बसून त्यांनी एवढं केलं, म्हणून माझ्या छातीत सुई गेली नाही. हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: फिल्म जपा, आणि हरवली तर लाजून गप्प बसू नका. डॉक्टरांना खरं सांगा, ते वाट काढतात.

मी बाहेर आले. यजमान उभे राहिले, पण विचारायचं धाडस त्यांना होईना.

"जुनोच आसा," मी म्हटलं. "वाढाक नाय."

ते पुन्हा बाकावर बसले आणि टॉवेलात तोंड घालून रडले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मग तोंड पुसून म्हणाले, "चल, माका भूक लागली."

कुडाळचा आठवड्याचा बाजार भरला होता. जन्मात मासे विकत न घेतलेला हा माणूस मासेवालीसमोर उकिडवा बसला आणि घासाघीस न करता बांगडे घेऊन मोकळा झाला. कल्ले उघडून मासे ताजे आहेत का ते बघायचंही त्याला सुचलं नाही. घरी येऊन मी त्यांचं तिखलं, म्हणजे घट्टसर तिखट कालवण केलं. बांगडे चांगले दोन दिवसांचे होते. आम्ही दोघांनी ते चाटूनपुसून खाल्ले.