एक आणला की एक जातो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि या किसननं एखादी गोष्ट कुणाला सांगितली नाही, असं कळलं तर अख्खी गुलमंडी बाजारपेठ पोट धरून हसेल. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा आणि एडिटिंगचा, पण खातो मी तोंडावर. कापडाच्या दुकानावर माझा स्टुडिओ आहे. तिथल्या महागाच्या सॉफ्टवेअरबद्दल मी काय काय सांगितलंय — ते चालू केलं की गल्लीतले पंखे हळू फिरतात, भलतंच बटण दाबलं गेलं तर नवरदेव बदलतो! लोक निम्मं सोडून द्यायचे, आणि काम मलाच द्यायचे.

त्यातली निम्मी बटणं कशासाठी आहेत, हे मला आजही ठाऊक नाही. पण कबूल करायचंय ते हे नाही.

माझा आतेभाऊ विलास करमाडचा. घरची मेंढरं. लिंबाखाली बाजेवर बसून तो मोबाइलवरच्या फुकटच्या अ‍ॅपवर लग्नाचे व्हिडिओ जोडायचा. त्याच्या व्हिडिओत मंगलाष्टकं चालू असताना मेंढरू ओरडतं, असं मी सगळीकडं सांगत होतो. खरं तर कधीच ओरडलं नव्हतं.

हल्ली एक मागणी घरोघर असते — पाहिली असेल तुम्हीही. नवरीचे वडील वारलेले असले की त्यांचा फोटो आणून देतात, म्हणतात, यांना व्हिडिओत उभं करा. माणूस हलला पाहिजे, अक्षता टाकल्या पाहिजेत. अशीच एक विधवा नवऱ्याचा फोटो घेऊन आधी माझ्याकडं आली. माझ्या महागाच्या सॉफ्टवेअरमधून तिचा नवरा निघाला तो साड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा. तिनं फोटो पदरानं पुसला आणि विलासकडं गेली.

विलासनं केलेलं मी पाहिलं. तो माणूस लेकीच्या मागं उभा होता. अक्षता टाकताना त्याची पापणी लवली — आणि माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा, की जळफळाटाचा? आता काय वेगळं काढणार?

त्या लग्नानंतर नवरीचे आजोबा गेले. म्हातारा कधीचा अंथरुणाला खिळलेला. पण मी चहाच्या टपरीवर म्हणालो, "फुकटच्यात फुकट काही नसतं, भौ! मेलेला माणूस आत घ्यायचा तर जागा नको का करायला? एक आणला की एक जातो. आमच्या महागाच्याला त्याचं लायसन असतं!"

टपरी हसली. मीही हसलो.

ती गोष्ट करमाडला पोचली तेव्हा तिच्यातलं हसू गळून गेलं होतं. देवगाव रंगारीहून माझ्याकडं परत आली तेव्हा तिच्यात मी न घातलेली मढी होती. बाया विलासच्या दारात जाऊन, समोर उभं राहून, आपल्या माणसांचे फोटो त्याच्या मोबाइलमधून पुसून घ्यायला लागल्या. आणि माझा जिना गिऱ्हाइकांनी भरला. "तुमच्याकडं धोका नाय ना, किसनभौ?" "अजिबात नाय!" — मग दार लावून मी मेलेली माणसं कशावर हलवत होतो? मोबाइलवर. विलासच्याच त्या फुकटच्या अ‍ॅपवर.

हेही ते नाही. मी नुसता घुटमळतोय, कळतंय मला.

त्या उन्हाळ्यात विलासचे वडील मेंढरांमागं चालता चालता पडले ते उठलेच नाहीत. दिवसकार्य झाल्यावर आत्या एकटी एसटीनं आली, माझा जिना चढली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"किस्ना, तुला त्यातलं कळतं. लोक म्हणतेत ते खरं हाय का रं? माझ्या लेकानं कुणाला तरी मोबाइलात आणलं, म्हणून ह्यांना जावं लागलं का?"

भर दुपार होती. खाली दुकानात टर्रकन कापड फाडल्याचा आवाज आला. एक शब्द पुरला असता — नाय. जन्मभर इतकी बडबड केलेल्या तोंडाला तो एक शब्द जड का झाला? गिऱ्हाइकांसाठी? की माझी थाप एवढी खरी झालेली मला आवडली होती?

आवडली होती.

मी म्हणालो, "असंल, आत्या. फुकटच्याचं काय सांगावं."

ती उतरून गेली. त्यानंतर विलास समोर आला की आत्या तोंडावरून पदर ओढायची — आपला चेहरा त्याच्या मोबाइलमध्ये जाऊ नये म्हणून. पोटच्या लेकापासून. विलासनं मोबाइल विकला, शेंद्र्याला कंपनीत रोजंदारीवर लागला. तिचा पदर काही मागं सरला नाही, मरेपर्यंत.

आत्या दिवाळीनंतर गेली. परवा विलास आला. लेकीचं लग्न झालं होतं. त्याच्या हातात आत्याचा जुना फोटो, तोंडभर हसणारा. "दादा, आईला पोरीमागं उभं कर. मी केलं असतं, पण... तुझं महागाचं हाय. तुझ्यात कुणी जात नाय ना?"

"नाय," मी म्हणालो. आता किती सहज आला तो शब्द.

केलंय मी. त्याच अ‍ॅपवर. आत्या नातीमागं उभी आहे, अक्षता टाकते आहे. पण नातीकडं बघत नाही. पडद्याबाहेर, माझ्याकडं बघते. दुसरा फोटो घेऊन पुन्हा केलं. तेच. माझी खुर्ची खिडकीशी नेली — तर तिची नजर तिकडं. यात मी काहीही वाढवलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच वाढवलेलं नाही, आणि तुम्ही नेहमीसारखं निम्मं सोडून द्याल.

अक्षता टाकून झाल्या की ती तोंडावरून पदर ओढते. फोटोत पदर डोक्यावर आहे, तोंडावर नाही. ओढायला मी सांगितलेलं नाही.

उद्या विलास व्हिडिओ न्यायला येईल. बघेल. त्याला वाटेल, आई अजून आपल्यालाच बघून तोंड झाकते.

ती कुणाला बघून झाकते, ते मला माहीत आहे.