विलायतेचा किनारा, पसंती जालन्याची

विलायतेतला सगळ्यात शांत समुद्रकिनारा कोणता, हे एकदा जालन्यात, मस्तगडला, आमच्या ओसरीवर ठरलं होतं. ठरवलं मी. तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मोती तलाव, आणि त्यातही कधी पाय घातला नव्हता.

निजामाचं राज्य होतं. आमचे हे सरकारी वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, कापडगिरणीचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेले होते. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. माझं वय सतरा, पण मिशनच्या शाळेत इंग्रजीची दोन पुस्तकं संपवलेली असल्यामुळे अक्कल सत्तरीची. (असं माझं मत होतं. बाकीच्यांना कुणी विचारलं नव्हतं.) मामंजींना मोतीबिंदू, सासूबाईंना अक्षर नाही, त्यामुळे घरातली पत्रं मीच वाचायची आणि मीच लिहायची. एवढा अधिकार सतराव्या वर्षी कुणाला देऊ नये.

हिवाळ्यात पत्र आलं. यांना निमोनिया होऊन गेला होता आणि खोकला जाईना. डॉक्टरनं सांगितलं होतं, ताबडतोब एखाद्या शांत किनाऱ्यावर जाऊन महिनाभर मोकळी हवा घ्या. छाती सुधारली नाही तर शिक्षण सोडून घरी जावं लागेल. घरमालकिणीनं तीन ठिकाणांची चित्रं दिली होती. 'ती आकडे घालून सोबत पाठवीत आहे. यांपैकी आबा सांगतील तेथे जाईन.'

आमच्या घरात मामंजींना विचारल्याशिवाय कुणी अंबडच्या बाजारालाही जात नसे, मग किनारा तर लांबच! पण पत्र बोटीनं यायला तीन आठवडे, उत्तर जायला तीन. म्हणजे डॉक्टर 'ताबडतोब' म्हणाला, आणि आमचे आज्ञाधारक हे दीड महिना परवानगीची वाट बघत तिथंच खोकत बसले!

ओसरीवर बैठक भरली. मी डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याच्या आत, शेजारी सासूबाई. बाहेर मामंजी, आणि शेजारचे हाजीचाचा. आमच्या गल्लीत समुद्र पाहिलेला माणूस तो एकच. हजला बोटीनं गेले होते.

पहिलं चित्र मी हातात घेतलं आणि लगेच पदराआड धरलं. किनारा माणसांनी फुललेला, आणि पुढंच पाच मडमा, गुडघ्याच्या वर संपणारी झबली घालून, पाण्यात उड्या मारताहेत!

"काय हाय गं त्याच्यात?" सासूबाई.

"लई गर्दी हाय, आत्याबाई. धूळ उडून राह्यली."

"समिंदरात धूळ?"

"विलायतेत असती."

दुसऱ्या चित्रात उंच कडा, त्यावर दिव्याचा मनोरा. सुरेख होतं. पण कोपऱ्यात छत्री, आणि छत्रीखाली एकच मडम, एकटी! गर्दीपेक्षा हे वाईट. मी म्हणाले, "कडा हाय. पाय घसरला म्हणजे?" मामंजींनी मान हलवली. दुसरा किनारा बाद.

तिसरं चित्र पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. नुसती वाळू! माणूस नाही, मडम नाही, छत्री नाही. पाणी म्हणाल तर पार टोकाला, शिवणाच्या दोऱ्याएवढं. माझा हिशेब सोपा होता: पाणी नाही तिथं पोहणं नाही, पोहणं नाही तिथं झबली नाहीत. ठिकाणाचं नाव मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा वेगळं निघालं, पण नावाशी काय करायचंय? नांदायला थोडंच जायचं होतं?

"ह्यो बरा हाय," मी म्हणाले. "बिलकुल शांत. पाणी बी पार लांब."

"तुला पाह्यला गेल्तो तवा येवढा इचार केला असता तर," सासूबाई म्हणाल्या, "आज मी सुखात असते."

हाजीचाचांना पाणी एवढं लांब असलेलं पटेना. "पानी दूर है बोलके खुश नक्को हो, बेटी. समंदर जाता बी है, आता बी है. मैं जद्दे में देखा."

आता वडीलधाऱ्या माणसापुढं सुनेनं बोलायचं नसतं. म्हणून मी सासूबाईंच्या कानात बोलले, पण असं की रस्त्यावरच्या टांगेवाल्यानंही ऐकावं. "पाणी म्हंजी काय बकरी हाय का, सकाळी चरायला जाऊन सांजच्याला घरी यायला?"

मामंजी हसले. सगळेच हसले. हाजीचाचा तेवढे हसले नाहीत. आणि माझं चुकलं होतं कुठं? शहागडची गोदावरी मी उन्हाळ्यातच पाहिलेली, अशीच आटलेली. मधल्या वाळूत जाऊन खुशाल झोपा, मृगापर्यंत पाणी विचारायला येत नाही. गोदावरीसारखी गोदावरी शिस्तीत वागते, मग विलायतेतल्या पाण्याला काय झालंय?

मामंजींनी पत्राचा मजकूर सांगितला: 'तिसरा किनारा पसंत. प्रकृतीस जपावे.' मी तेवढंच लिहायला हवं होतं. पण किनाऱ्याच्या कडेला वस्ती असणार, वस्तीत बायका असणार. म्हणून मामंजींच्या नावानं माझी एक ओळ घातली: 'कडेला बसू नये. वाळूत जितके आत जाववेल तितके जाऊन मधोमध बसावे. तेथील हवा शुद्ध असते.'

पुढचं पत्र यायला तीन महिने लागले. एवढा उशीर कधी झाला नव्हता. सासूबाईंनी सोमवार धरले. मी शनिवार धरले. मामंजी रोज पोस्टापर्यंत जाऊन यायचे. शेवटी पाकीट आलं, जाडजूड, आणि मी हाजीचाचांसकट सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतलं.

'आबांच्या आज्ञेप्रमाणे वाळूत मैलभर आत गेलो व मधोमध घोंगडी टाकून बसलो.'

"थांब," मामंजी म्हणाले. "मधोमध बस असं मी कवा म्हणलो?"

"तुमच्या मनात होतं, मामंजी," मी म्हणाले आणि जल्दी पुढची ओळ धरली.

'हवा फारच शुद्ध होती. लगेच डोळा लागला. काही वेळाने दुरून बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. परक्या बायकांकडे पाहणे बरे नव्हे, म्हणून मी त्यांच्याकडे पाठ केली. तेव्हा समोर समुद्र दिसला. तो माझ्याकडे येत होता.'

हाजीचाचा शांतपणे म्हणाले, "बकरी वापस आ गई, बेटी."

पण खरा घोळ पुढं होता. पुढचा परिच्छेद मी मनातल्या मनात वाचला आणि कागद दुमडला.

"थांबलीस कामून?" सासूबाई ओरडल्या. "वाचला का न्हाई माझा लेक?"

"वाचले! वाचले! तिथल्या... मंडळींनी बाहेर काढलं."

"कोनती मंडळी?"

"शिंपल्या गोळा करणारी. कष्टाळू मंडळी."

"देव भलं करो त्यांचं! कसं काढलं?"

"वाहनावर बसवून."

"कोनतं वाहन?" मामंजींनी विचारलं.

"चार पायांचं."

"घोडा?"

"घोड्यापेक्षा जरा बुटकं."

"मंग खेचर आसल."

"खेचरापेक्षाही... जरा बुटकं. कान मोठे."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "गाढवावर? माझ्या लेकाला गाढवावर बसवलं?" (आमच्याकडं हा मान कुणाला मिळतो, ते तुम्हाला माहीत आहे. त्याची आधी पंचायत बसते.)

"तोंडाला काळं तर न्हाई ना फासलं?" मामंजींनी विचारलं.

मी पत्रात पाहिलं. "कुणी फासलं न्हाई, मामंजी. चिखलात पडले तवा आपलं आपणच लागलं."

"आन् बरूबर कोन होतं? गडीमाणसं का बाया?"

खोटं बोलायची माझी सगळी शिल्लक संपली होती. "बाया," मी म्हणाले. "झगे गुडघ्याच्या वर खोचलेल्या." आणि मी भोकाड पसरलं. घरच्यांना वाटलं, नवऱ्याच्या बेअब्रूमुळं बिचारी रडून राह्यली. मी रडत होते ते वेगळ्याच हिशेबानं. एक मडम टाळायला मी यांना मैलभर वाळवंटात पाठवलं, तर तिथं बायकांचा अख्खा घोळका यांची वरात काढून गावात घेऊन गेला!

पत्राच्या शेवटी होतं की त्यांतल्याच एका म्हातारीनं यांना घरी ठेवून घेतलं, महिनाभर उकडलेल्या शिंपल्यांचं पाणी पाजलं, आणि खोकला साफ गेला. डॉक्टरनं छाती ठोकून पाहिली, शिक्षण पुरं करा म्हणाला. मामंजी गल्लीभर सांगत सुटले, "आमच्या सूनबाईनं किनारा निवडला, लेकाची छाती बराबर झाली!" गाढवाचं तेवढं वगळत. मीही मानेनं हो म्हणायचे. दोन वर्षं मी मस्तगडची समुद्रातली जाणकार होते.

मग हे परत आले. जालना स्टेशनवर सगळं गणगोत. हारतुरे झाले, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. टांग्यापाशी जरा एकांत मिळाल्यावर बाकीच्या बायका विचारतात तसं 'प्रकृती कशी आहे' हे विचारायचं सोडून मी दबक्या आवाजात विचारलं, "किती होत्या?"

यांनी कोण, कुठं, काही विचारलं नाही. "बाया सात. गाढवं आठ."

"बायकांपेक्षा गाढव एक जास्त कसं?"

"सात तिथली," टांग्यात आपली पेटी ठेवत हे म्हणाले, "आठवं इथं मस्तगडला बसून किनारा निवडून राह्यलं होतं."

मोजणी बराबर होती, म्हणून मी गुमान टांग्यात चढले.