बर्लीसरांचं नाक

बर्लीसरांनी 'तंबाखू' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. ज्या भागात माणसं एकमेकांचं नाव विचारायच्या आधी 'जरा तंबाखू काढा' म्हणून हात पुढं करतात, त्या भागात उभं आयुष्य काढून त्यांनी हे पथ्य पाळलं. तंबाखू म्हणजे तळहातावर चुना लावून मळायची, ओठात धरायची आणि सरकारी जिन्याच्या कोपऱ्यात थुंकायची वस्तू. सर पाइपात भरून ओढायचे तो 'बर्ली', म्हणजे तंबाखूचीच एक मूळची अमेरिकन जात. एकदा बसमध्ये शेजारच्यानं पाइपाकडं बघून "तंबाखू कंची हाय वो?" असं विचारलं, तर सर पुढच्याच थांब्यावर उतरले.

सर मूळचे औशाचे. नांदेडच्या एका कॉलेजात त्यांनी निवृत्त होईपर्यंत वनस्पतिशास्त्र शिकवलं. मुलगा अमेरिकेत गेला आणि नेमका बर्लीची शेती होते अशा मुलखात नोकरीला लागला. त्याच्याकडं राहायला गेलेली इतर मंडळी धबधब्यासमोरचे फोटो घेऊन येतात. सर एक पाइप, सहा डबे आणि एक तत्त्वज्ञान घेऊन आले. बर्लीसर हे नाव गुंडप्पांनी ठेवलेलं. गुंडप्पा उदगीरकडचे, जुन्या बाजारात त्यांचं मसाल्याचं दुकान. "ह्ये कंचं पान हाय सर?" असं त्यांनी सहज विचारलं, त्याचं उत्तर पाऊण तास चाललं. दुकानात तासाची घंटा होत नाही, हे सरांच्या लक्षातच राहिलं नाही. तेव्हापासून गुंडप्पा त्यांचे पहिले शिष्य झाले. दुसरा मी.

सरांचा सिद्धांत असा. "दुसरी जात व्हर्जिनिया, तिच्या पानाच्या अंगातच साखर. पहिल्या झुरक्याला गोड बोलतो आणि मागाहून जीभ पोळवतो. बर्लीच्या अंगात साखर नाही. त्याला भट्टीत शेकत नाहीत, सावलीत टांगून वाऱ्यावर वाळवतात. म्हणून तो कोरडा, सरळ, आणि ज्याच्या शेजारी ठेवाल त्याची चव पिऊन घेणारा. अगदी आपला मराठवाड्याचा माणूस!"

"मंग सर, व्हर्जिनिया म्हंजी पुण्याचा का?" गुंडप्पांनी विचारलं.

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही," सर म्हणाले.

दर रविवारी सकाळी सरांच्या ओसरीत बैठक बसायची. डबा उघडायचा, पान बोटांनी मोकळं करायचं, हुंगायचं, पाइपात तीन थरांत भरायचं, आणि मग चवीचं वर्णन. डब्यावर छापलेलं असायचं की हा बर्ली अक्रोडासारखा, हा कोकोसारखा, ह्याला मेपलच्या पाकाचा स्पर्श. सरांना ते मंजूर नव्हतं. "जे तुम्ही खाल्लं नाही त्याची चव मला सांगू नका." म्हणून आमच्या वहीत वर्णनं वेगळी. पांढरा बर्ली : भाजलेल्या शेंगदाण्याचं साल, वाळलेला कडबा, मागून हलकासा गूळ. गडद बर्ली : करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, जुनं बारदान, आणि चौथ्या झुरक्याला उचकी. आंध्रातला बर्ली : पार्सल ऑफिसातली सुतळी. ही वही लिहायचं काम माझ्याकडं. मी शाळेत मराठी शिकवतो. मराठीच्या मास्तरचा जगाला काहीतरी उपयोग झाला पाहिजे, असं सरांचं मत होतं. मी स्वतः ओढत नव्हतो. नुसतं बसूनच मला पुरेसा खोकला यायचा.

वर्णनात सरांचा शब्द अखेरचा. गुंडप्पा एकदा 'ओला कडबा' म्हणाले, तर सरांनी त्यांना अर्धा तास ओल्या आणि वाळल्या कडब्यातला फरक समजावून दिला. गुंडप्पांची सहा एकर ज्वारी होती, सरांच्या दारात कुंडीत तुळस. पण गुंडप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. सरांच्या नाकापुढं कुणाचंच काही चालायचं नाही. नांदेडातली माणसं त्यांच्याकडं खव्यातली भेसळ ओळखायला यायची, अत्तर खरं की खोटं ते विचारायला यायची. कॉलेजातली त्यांची पुस्तकी विद्वत्ता लोक कधीच विसरून गेले होते. नाक मात्र दोन जिल्ह्यांत प्रसिद्ध होतं आणि सरांना त्याचा फार अभिमान होता.

आमच्या उन्हाळ्यात पान वाळून भुगा होतं, म्हणून सर बरणीत बटाट्याची चकती ठेवायचे, ती रोज बदलायचे, वर ओलं फडकं गुंडाळायचे. नळाला पाणी आठवड्यानं यायचं, पण बरणी कधी कोरडी पडली नाही. "मी इथं तांब्या तांब्या पाणी जपून राहिले अन् ह्यांच्या पाल्याला रोज अभ्यंगस्नान!" असं काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दारातून म्हणायच्या. सर ऐकू न आल्यासारखं करायचे.

मग ती साथ आली. सर दहा दिवस दवाखान्यात राहून सुखरूप घरी आले. महिन्याभरानं बैठक पुन्हा सुरू झाली, आणि आम्हाला सरांमध्ये मोठा फरक दिसला. ते नम्र झाले होते. डबा उघडला की म्हणायचे, "आधी तुम्ही सांगा." आम्ही काहीही सांगावं, त्यांनी डोळे मिटून ऐकावं आणि म्हणावं, "बरोबर." गुंडप्पा तर हरखूनच गेले. "सरांनी मला मानलं की ओ," असं ते दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस असा मऊ होतो, असं मीही घरी बायकोला समजावून सांगितलं. वर्षभर आमचं एकही उत्तर चुकलं नाही. मी मास्तर आहे. एकही उत्तर न चुकणारा वर्ग पाहिल्यावर मला संशय यायला हवा होता, पण कौतुक गोड लागतं.

तो रविवार मला लख्ख आठवतो. सरांनी पांढऱ्या बर्लीचा डबा उघडला आणि ओसरीत येसराचा वास पसरला. येसर म्हणजे आमच्याकडचं आमटीचं पीठ, धान्य आणि मसाला खमंग भाजून केलेलं. तो वास इतका दणकट होता की मला भूकच लागली. गुंडप्पांचा तर जन्म मसाल्यात गेलेला. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण ओळखीचा डबा म्हणून सर त्या दिवशी आमच्या आधीच, नाकाशी चिमूट धरून, डोळे मिटून म्हणत होते, "वा. कोरा करकरीत पांढरा. शेंगदाण्याचं साल. दुसरं काहीही नाही."

मी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्या सरांकडं बघत नव्हत्या, आमच्याकडं बघत होत्या.

"बरोबर, सर," गुंडप्पा म्हणाले.

निघताना काकूंनी आम्हा दोघांना परसात बोलावलं. "डबा मीच चार दिवस येसरात पुरून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "वर्षभर मला शंका येऊन राहिली होती. मागं दूध करपलं, घरभर वास, शेजारीण पळत आली. अन् हे पेपर वाचत म्हणतात, 'आज काय खमंग करून राहिलीस?' परवा गॅस न पेटवताच चालू राहिला. मी देवळातून आले म्हणून बरं. हे आत होते, हातात पाइप, खिशात काड्यापेटी." "काडी ओढली असती तर?"

"तुम्ही सरळ बोला ना त्यांच्याशी," मी म्हणालो.

"मी बोलले तर ते 'सर्दी झाली' म्हणतील, अन् दुसऱ्या दिवशी आणखी हुशारीनं लपवतील. त्यांचं नाक गेलं हे दुसऱ्यानं सांगितलं तर माणूस खचेल हो. ते त्यांच्या तोंडून आलं पाहिजे." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या दिवसापासून काकू सरांना घरी एकटं सोडेनात. देऊळ बंद झालं, भिशी बंद झाली, औशाच्या लग्नालासुद्धा त्या गेल्या नाहीत. सरांना वाटलं, बायकोला उतारवयात संसाराचा लळा लागला.

अशात लातूरहून बोलावणं आलं. तिथं दातांचे एक निवृत्त डॉक्टर होते. दातांच्या डॉक्टरनं पाइप ओढावा की नाही हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. त्यांनी 'मराठवाडा पाइप मंडळ' काढलं होतं. सभासद अकरा, त्यात पाइप असलेले चार, बाकीचे डॉक्टरांचे जुने पेशंट. वार्षिक सभेत डोळे बांधून तीन बर्ली ओळखण्याचा प्रयोग सरांनी करून दाखवावा, अशी विनंती होती. सरांनी लगेच होकार कळवला आणि नंतर दोन दिवस ते जेवले नाहीत.

गुंडप्पांनी तोड काढली. "म्या पुढं बसतो. पांढरा असला की एकदा खोकतो, काळा असला की दोनदा, अन् कोको पाजलेला असला की तीनदा. सरांना न्हाई सांगायचं. हुशार हायती, त्यांना बरोब्बर कळतंय." मला ही योजना उत्तम वाटली. पाइप ओढणाऱ्यांच्या बंद खोलीत खोकल्याची खूण ठरवणारी माणसं जगात आम्ही दोघंच असू.

लातूरला डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर सभा होती. चिवडा, पाण्याचा जार, फ्लेक्सवर सरांचा कॉलेजातला काळ्या केसांचा फोटो. चार पाइप एकदम पेटले आणि पाच मिनिटांत सगळी सभा खोकायला लागली. अध्यक्ष खोकत होते, आभार मानणारे खोकत होते, पहिला डबा उघडताच गुंडप्पा जीव तोडून शिस्तीत एकदाच खोकले, पण त्या गदारोळात त्यांच्या मागच्यानं त्यांना पाणी आणून दिलं. सरांचे डोळे डॉक्टरांनी नव्या टॉवेलनं बांधले होते.

सरांनी पहिली चिमूट घेतली. नाकाशी नेली नाही. कानाशी नेली आणि हळूच चुरली. मग पाइप पेटवून तीन झुरके घेतले, पाइपाचं भांडं गालाला लावून पाहिलं. "लवकर पेटतो, लवकर तापतो. पांढरा." दुसरी चिमूट. पाच झुरके ओढून ते थांबले, आणि त्यांना खणखणीत उचकी लागली. "गडद," ते म्हणाले, आणि सभा हसली. तिसरी चिमूट त्यांनी अंगठ्यानं दाबली आणि अंगठा उचलून दाखवला. पान अंगठ्याला चिकटलं होतं. "ह्याला पाक पाजलाय. कोकोवाला."

तिन्ही बरोबर. टाळ्या थांबेनात. गुंडप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, धुरानं की कशानं ते मी विचारलं नाही. काकूंना फोन करून सांगावं, सर निभावले, असं मला वाटलं. आणि लगेच आठवलं की काकूंना हे नकोच होतं.

डॉक्टर उठले. "आता सर, शेवटचा प्रश्न. ह्या तिसऱ्यात कोकोच्या मागून आणखी कशाचा वास येतोय?"

सरांनी स्वतःच टॉवेल सोडला. त्याची नीट घडी घातली. कुठलंही उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं. तिथं कुणाला काही कळत नव्हतं.

"ते मला सांगता यायचं नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "त्या तापानंतर मला वास येत नाही. कशाचाच येत नाही. हे तिन्ही मी कानानं, गालानं अन् उचकीनं ओळखले. ह्या दोघांच्या जिवावर मी वर्षभर बैठक चालवली. ते चव सांगायचे, मी 'बरोबर' म्हणायचो. फसवलं मी त्यांना."

मग मागच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी अत्यंत आदरानं विचारलं की कानानं बर्ली ओळखण्याची ही पद्धत शिकायला किती महिने लागतात. सभेच्या वृत्तांतात 'सरांनी बिननाकाच्या पद्धतीचे प्रात्यक्षिक करून दाखविले' अशी नोंद झाली, आणि सरांना शाल देण्यात आली.

परतीच्या वाटेवर सर खूप बोलत होते. अहमदपूरला चहा घेताना त्यांनी विचारलं, "आलं घातलंय का रे ह्यात?" "हाव सर, लई घातलंय," गुंडप्पा म्हणाले. सर खूश होऊन हसले. छातीवरचं ओझं उतरलेला माणूस मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. माझं सरांवर प्रेम होतं हे मला त्या टपरीवर कळलं, आणि थोडी लाजही वाटली, कारण मीही त्यांच्या खोट्या 'बरोबर'वर वर्षभर फुगत होतो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकूंनी दार उघडलं.

"सांगून टाकलं," सर दारातच म्हणाले. "माझं नाक गेलंय ते. सगळ्यांसमोर सांगितलं. अकरा माणसं होती."

काकूंनी त्यांच्या खांद्यावरची शाल बघितली. "अकरा परक्या माणसांना सांगितलंत," त्या म्हणाल्या. "अन् मला कधी सांगणार होता?"

गुंडप्पा चपलांकडं बघायला लागले. प्रत्येक प्रश्नाला पाऊण तासाचं उत्तर देणाऱ्या सरांनी खिशात हात घातला, काड्यापेटी काढली आणि काकूंच्या हातावर ठेवली.

काकू आत गेल्या. गॅसचं बटण दोनदा फिरवून बघितल्याचा आवाज आम्ही ओसरीत ऐकला. त्या बाहेर आल्या, सरांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "भरा तो पाइप." सरांनी भरला. काकूंनी पदर सावरून काडी ओढली आणि तोंड वळवून, नाक मुरडून, हात लांब करून ती पाइपाशी धरली. त्यानंतर सर दीड वर्ष होते. तेवढ्या काळात त्यांचा पाइप दुसऱ्या कुणी पेटवला नाही.